कोरड्या घोंगडीची अट

जुलै लागला की आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात उघड्या छत्र्यांची गर्दी होते. नव्या मुली आलेल्या असतात. प्रत्येकीबरोबर आई किंवा वडील, क्वचित एखादा मामा, आणि प्रत्येकीच्या हातात कागदपत्रांची फाईल. ती फाईल कशी धरली आहे यावरून मुलगी कुठली हे मला आता ओळखता येतं. घाटावरची मुलगी फाईल काखेत धरते. कोकणातली मुलगी फाईल एका प्लास्टिकच्या पिशवीत घालते, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दुसरी पिशवी रेनकोटच्या आत पोटाशी धरून येते. दाखला मागितला की ती एकेक थर उलगडत जाते आणि कारकून पेन टेकवून वाट बघत बसतो. एवढं करून दाखला थोडा दमटच निघतो.

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रवेशाच्या दिवसांत आम्हा मोठ्या मुलींना फॉर्म भरून द्यायला टेबलावर बसवतात. दमट दाखला हातात आला की त्याचा एक वास येतो, थोडा बुरशीचा, थोडा स्वयंपाकघराचा. त्या वासाबरोबर मला दोन वर्षांपूर्वीचा आमच्या पोलादपूरचा एक आठवडा आठवतो. त्या आठवड्यात मी देवाला एक अट घातली होती. ती आठवली की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

आधी आमच्याबद्दल सांगायला हवं. पप्पा पोलादपूरला हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहेत. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून येणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तापलेले असतात, ते थंड होईपर्यंत पर्यटकांना चहाची टपरी दाखवणं हाही त्यांच्या कामाचाच भाग आहे. आम्ही मूळचे नगरकडचे. पप्पा तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते, आणि गोव्याला जाणारा तो ट्रक एक्सेल तुटून पोलादपुरात बंद पडला. सुटा भाग येईपर्यंत नऊ दिवस लागले. तेवढ्यात पप्पांनी शेजारच्या गॅरेजात चार गाड्या दुरुस्त केल्या आणि मालकाने त्यांना ठेवूनच घेतलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायची वेळ आली की पप्पा दरवर्षी हीच गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, प्रभूने मला पोलादपूरला थांबवलं. आई शेजारून हळूच म्हणते, प्रभूने नाही, एक्सेलने.

आमची मंडळी अकरा कुटुंबांची. बहुतेक सगळे महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेले, कुणी जालन्याकडचे, कुणी आमच्यासारखे नगरकडचे. एका टायरच्या गोदामावरची खोली आम्हाला रविवारी सकाळी मिळते. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, महाडहून मोटारसायकलवर येतात, रेनकोट जिन्यात टांगतात आणि उपासना संपेपर्यंत तो खालच्या पायरीवर ठिबकत असतो. नव्या टायरचा वास मी लहानपणापासून प्रार्थनेशी जोडलेला आहे. एखाद्या टायरच्या दुकानासमोरून जाताना आजही माझी मान आपोआप खाली जाते.

मंडळीत एक वाक्य फार चालतं. "प्रार्थनेत ठेवलंय." परक्या माणसाला वाटेल की ही भक्तीची गोष्ट आहे. आहेच. पण त्याचे इतरही उपयोग आहेत. कुणी पप्पांकडे जॅक मागितला आणि पप्पांना द्यायचा नसला की ते म्हणतात, प्रार्थनेत ठेवतो. माझ्या मावसबहिणीला स्थळ आलं, मुलगा बुटका होता, तेव्हा मावशीने दोन वर्षं ते स्थळ प्रार्थनेत ठेवलं. शेवटी मुलाचं दुसरीकडे लग्न झालं आणि मावशी म्हणाली, बघा, देवाने मार्ग दाखवला. मी चेष्टा करत नाही. या लोकांच्या प्रार्थनेने मी तापातून उठलेली आहे. पण कुठे देवाची वाट बघणं संपतं आणि कुठे नुसतं टाळणं सुरू होतं, ती रेघ मला कधी नीट दिसली नाही. त्या आठवड्यात तर मुळीच नाही.

झालं असं की बारावीनंतर माझं नाव दोन ठिकाणी लागलं. एक महाडच्या कॉलेजात, बी.एस्सी.ला. सकाळी एसटीने जायचं, दुपारी जेवायला घरी. दुसरं घाटावरच्या एका मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात. तिथे वसतिगृहात राहायचं, सुट्टीलाच घरी यायचं. दोन्हीकडे शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करायचा होता, आणि दाखला काही दोन ठिकाणी देता येत नाही. नर्सिंगवाल्यांनी फोनवर सांगितलं, पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत दाखला घेऊन या, नाहीतर जागा खालच्या मुलीला जाईल.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. त्यामुळे कुणाला विचारावं हाही प्रश्नच होता. पप्पा म्हणाले, तुला समजतंय ते कर. आई म्हणाली, प्रार्थनेत ठेवलंय. ती याहून एक शब्द जास्त बोलेना. मला शंका अशी की ती मी जाऊ नये म्हणून प्रार्थना करते आहे. शुक्रवारी तिने उपास धरायचं ठरवलं तेव्हा शंका पक्की झाली. एकाच घरातून देवाकडे दोन उलट अर्ज जात असतील तर तो कुणाचा आधी उघडतो, याचा मी गंभीरपणे विचार केला होता. आई वयाने मोठी आणि उपाशी. माझी बाजू लंगडी होती.

त्यात माझी बाजू कोणती हेच मला माहीत नव्हतं. नर्सिंगचा फॉर्म मीच भरला होता, कुणी सांगितलं नव्हतं. पोलादपूरच्या दवाखान्यात पप्पांच्या बोटाला टाके घालताना एक सिस्टर त्यांच्याशी बोलत बोलत, त्यांना कळायच्या आत काम उरकून गेली होती. तिचे हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. पण नाव लागल्याचा फोन आला तेव्हा मला जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. जिना उतरताना शेवटची पायरी नसली की होतं, तसं काहीतरी झालं.

फोन शनिवारी आला आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाळकसाहेबांनी नेमका देवाकडे खूण मागणाऱ्या एका माणसावर उपदेश केला. जुन्या करारातली गोष्ट आहे. शत्रूच्या भीतीने लपून गहू झोडणारा एक माणूस. देव त्याला सैन्य घेऊन जा म्हणतो, आणि तो देवाकडे खूण मागतो. खळ्यावर लोकर ठेवतो. सकाळी लोकर दवाने भिजलेली आणि भोवतालची जमीन कोरडी असेल तर तो जाणार. तसंच होतं. तरी त्याची खात्री पटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तो उलट खूण मागतो, लोकर कोरडी आणि जमीन ओली. देव तेही करून दाखवतो. पाळकसाहेबांचा सगळा भर देवाच्या सहनशीलतेवर होता. मी मात्र पद्धत लिहून घेतली.

तरी आधी मी सोपा मार्ग करून पाहिला. सोमवारी डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि बोट ठेवलं. बोटाखाली तंबूच्या पडद्यांची मापं आली. मी ती दोनदा वाचली, कुठे कॉलेजचा संबंध लागतो का बघितलं. मंगळवारी कुणाच्या तरी मुलांची नावं आली, बावीस तरी असतील, आणि एकही सोपं नाही. बुधवारी मी फार मनापासून प्रार्थना करून बोट ठेवलं. डोळे उघडले तर बोट कोऱ्या पानावर. जुना आणि नवा करार यांच्यामध्ये एक कोरं पान असतं, त्यावर. याचा अर्थ काय लावायचा या विचारात मी भाजी करपवली.

त्याच दिवशी घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. मंडळीतल्या एका मावशींनी लगेच निरोप पाठवला की पोरीला सांगा, देवाने रस्ताच बंद केला, याहून स्पष्ट काय पाहिजे. पप्पा स्पॅनर पुसत म्हणाले, घाट दरवर्षी सात-आठ वेळा बंद होतो, म्हणजे देव दरवर्षी आपल्याच पोरीला सांगतो होय. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता सुरू झाला. मावशींचा पुढचा निरोप आला नाही.

म्हणून गुरुवारी मी लोकर शोधायला लागले.

पोलादपुरात लोकर मिळणं सोपं नाही. कपाटात माझा एक स्वेटर होता, पण आतल्या पट्टीवर अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं. देवाला अ‍ॅक्रिलिक चालेल की नाही याबद्दल मला शंका होती, आणि एवढ्या मोठ्या निर्णयात ऐनवेळी तांत्रिक अडचण नको होती. मग माळ्यावरची घोंगडी आठवली. वरच्या धनगरवाड्यातल्या एका म्हाताऱ्याने पप्पांना जीप दुरुस्त करून दिल्याबद्दल दिलेली. खरी मेंढीची, काळी, अंगाला टोचणारी. यात शंकेला जागाच नव्हती.

आता अट. हे लिहायला जरा जड जातं. त्या माणसाच्या दोन खुणांपैकी पहिलीत जमीन कोरडी लागते. आमच्याकडे जुलैत कोरडी जमीन बघायची तर घरातली फरशी बघावी लागते, आणि तीसुद्धा घाम आल्यासारखी चिकट असते. म्हणून मी दुसरी खूण घेतली. जमीन ओली, लोकर कोरडी. जमीन आपोआपच ओली होती, म्हणजे देवाचं अर्धं काम मी आधीच करून ठेवलं होतं. उरलं एवढंच, की उघड्या अंगणात ठेवलेली घोंगडी पोलादपूरच्या पावसात सकाळपर्यंत कोरडी राहायला हवी. "प्रभू," मी म्हणाले, "घोंगडी कोरडी राहिली तर मी नर्सिंगला जाईन. भिजली तर तुझी इच्छा मी महाडला जावं अशी आहे असं समजेन."

तेव्हा वाटलं, किती श्रद्धा आहे आपल्यात. आमच्याकडे त्या दिवसांत काडेपेटीची काडी ओढली तर गुलाचा लगदा होतो, पप्पांच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी येते, धुतलेली ओढणी चौथ्या दिवशीही पिळता येते. अशा ठिकाणी मी देवाला एक घोंगडी कोरडी ठेवायला सांगत होते. आणि राहिली नाही तर जबाबदार तो.

संध्याकाळी, आई आत भाकरी थापत असताना, मी घोंगडी अंगणातल्या धुण्याच्या दगडावर पसरली. पाऊस भुरभुरत होता. मी आत आले, दार लावलं, आणि मला एकदम हलकं वाटलं. त्या दिवशी मला झोपही छान लागली. हे मी नंतर खूणगाठ म्हणून लक्षात ठेवलं. ज्याला खरंच उत्तराची वाट असते तो इतका छान झोपत नाही.

सकाळी उठून दार उघडलं. अंगणात घोट्यापर्यंत पाणी. धुण्याचा दगड धुतलेला. घोंगडी नाही.

पाठोपाठ शेजारच्या जुबेदाचाची आमच्या पायरीवर आल्या. आमची भिंत एक, अंगण एक. त्यांचा मुलगा कतारला असतो आणि त्या एकट्याच राहतात, त्यामुळे आमच्या घरावरही त्यांचंच लक्ष असतं. त्यांच्या हातात घोंगडी होती, घडी घातलेली.

"गो, ही तुमचीच ना? संध्याकाळी तू बाहेर टाकून गेलीस नि मी उचलली. दोन थेंब पडले असतील. चुलीवर दोरीला घातली होती."

मी हात लावला. कोरडी. नुसती कोरडी नव्हे, कडकडीत, उबदार. पापडासारखी. आणि तिला सुक्या बोंबलांचा वास येत होता, कारण चाचींच्या चुलीवरच्या दोरीवर बोंबील टांगलेले असतात. देवाची खूण बोंबलांच्या वासाची असू शकते का, याबद्दल शास्त्रात काहीही नाही.

आईने आतून विचारलं की घोंगडी बाहेर कशाला काढली होतीस. मी म्हणाले, ऊन द्यायला. आईने खिडकीतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आता तुम्ही म्हणाल, यात खूण कसली, शेजारणीने उचलली. मीही तेच म्हणत होते. दिवसभर देवाशी माझा वाद चालला होता. हे धरायचं नाही, चाची मध्ये आल्या. पण मग दुसरं मन वकिलासारखं उठून विचारायचं, अटीत शेजारणीने उचलू नये असं कुठे होतं? जमीन ओली होती? होती. लोकर कोरडी होती? बोंबलाचा वास सोडला तर पूर्ण. त्या गहू झोडणाऱ्या माणसाची लोकर कोरडी राहिली तेव्हा त्याच्या शेजारी कोण राहत होतं, हे तरी आपल्याला कुठे माहीत आहे?

दुपारी मी पाळकसाहेबांना फोन केला. ते दासगावला कुणाच्या तरी आजारपणात प्रार्थनेला निघाले होते आणि एका पत्र्याखाली थांबले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. बोंबलांपाशी त्यांना खोकला आला. मग त्यांनी समजावून सांगितलं की खूण मागणं हे त्या माणसाच्या श्रद्धेचं नव्हे, भीतीचं लक्षण होतं, आपण त्याचं अनुकरण करायचं नसतं. मी विचारलं, मग रविवारी तुम्ही हीच गोष्ट का सांगितलीत. ते म्हणाले, आपण हे प्रार्थनेत ठेवू.

त्या माणसाने दोनदा खूण मागितली होती, तेव्हा माझा दुसरा हक्क अजून शिल्लक होता. आता उलट अट. घोंगडी ओली आणि जमीन कोरडी असेल तरच जाणार. पण चाची पुन्हा उचलतील ही भीती होती. त्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं. शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्या पडवीत टाकळ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, आज मी घोंगडी पुन्हा बाहेर घालणार आहे, भिजली तरी उचलू नका.

त्यांनी मान वर केली. कारण सांगावंच लागलं. दोन कॉलेजं, दाखला एक, लोकर, खळं, दव, सगळं. त्या एकेक पान खुडत ऐकत होत्या. हसल्या नाहीत. याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं, कारण नंतर माझ्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती हसून खाटेवरून पडली होती.

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. मुलाला कतारचा व्हिसा आला तेव्हा त्यांनीही इस्तिखारा केला होता. त्यांच्यात तशी नमाज असते, मोठं काम हातात घेण्याआधी अल्लाला विचारायची. सात दिवस केली. कुणीतरी सांगितलं होतं की स्वप्नात कळतं. सातव्या दिवशी स्वप्न पडलं, तर त्यात एक बकरी नवा पडदा खात होती. त्या मौलवीसाहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, स्वप्न पडायलाच पाहिजे असं नाही, मन कुठे हलकं होतं ते बघा.

"मग झालं हलकं?" मी विचारलं.

"नाय गो. अजून नाय झालं. पोरगा गेला पन. बरा हाय तिथं." त्यांनी एक किडकं पान बाजूला टाकलं. "तुझी आजची अट काय हाय म्हनालीस?"

मी सांगितलं. घोंगडी ओली, जमीन कोरडी.

चाचींनी अंगणाकडे बघितलं. अंगणात पाण्यावर पावसाचे बुडबुडे फुटत होते आणि माझी एक चप्पल हळूहळू गटाराच्या दिशेने निघाली होती. त्या बराच वेळ त्या चपलेकडे बघत होत्या.

"या पावसात जमीन कोरडी," त्या म्हणाल्या. "म्हंजे तुला जायचंच नाय?"

मीही चपलेकडे बघायला लागले.

"जायचं नाय, का जायला भितेस? दोन वेगळ्या गोष्टी हायत."

मी पुढे सरकून टाकळा खुडायला लागले. टाकळ्याची पानं लहान असतात, एका भाजीला शेकडो लागतात, तेवढा वेळ मला पुरेसा होता. वसतिगृहात ओळखीचं कुणी नसेल. शिकवणं इंग्रजीत असेल. रक्त बघून चक्कर आली तर सगळे म्हणतील, टायरच्या गोदामावरून आलेली पोरगी. आणि मी परत आले तर पप्पा काही बोलणार नाहीत, आणि ते न बोलणं मला सहन होणार नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. देवालाही नाही. देवाला मी मोठ्या आदराने फक्त अटी सांगितल्या होत्या, आणि त्या नीट बघून, भिजतील अशाच निवडल्या होत्या.

"भिते," मी म्हणाले.

"मंग तसं सांग ना त्याला. घोंगडीला कशाला मधी घालतेस."

एवढं बोलून त्यांनी भाजीची पाटी उचलली आणि जाता जाता मला माझी चप्पल धरायला सांगितलं.

घोंगडी त्या संध्याकाळी माळ्यावर गेली. मी मागच्या दारात बसून प्रार्थना केली. आमच्याकडे प्रार्थनेची एक चाल असते, आधी स्तुती, मग उपकार, मग मागणी. त्या दिवशी ती चाल जमली नाही. मी म्हणाले, मला जावंसं वाटतं आणि मला भीती वाटते. फार काही झालं नाही. आवाज आला नाही, मन हलकं झालं नाही, पागोळ्या पडत राहिल्या. फक्त त्या आठवड्यात पहिल्यांदा आपण खरं बोललो असं वाटलं, आणि ज्याच्याशी बोललो तो ऐकत होता असंही वाटलं. त्याला पुरावा नाही. कोरडी घोंगडी हा त्यापेक्षा चांगला पुरावा होता, हे मला मान्य आहे.

मग पप्पांना चहा द्यायला गॅरेजवर गेले. घाट उतरून आलेली एक गाडी उभी होती आणि पप्पा ड्रायव्हरला विचारत होते, वर रस्ता कसा आहे, दरडीचा ढिगारा पूर्ण काढला का, एसटी सोडतात का. त्यांचा मालक मला म्हणाला, तुझा बाप आठवडाभर घाटातून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हेच विचारतोय, गिऱ्हाईकांना वाटतं हा रस्ते खात्याचा माणूस आहे. पप्पांनी चहा घेतला आणि बॉनेटखाली डोकं घातलं. बॉनेटखाली बघण्यासारखं काही नव्हतं, त्या गाडीचा टायर पंक्चर होता.

रविवारी गाणी झाल्यावर साक्षीची वेळ आली. आमच्याकडच्या साक्षीला एक ठरलेली वाट असते. संकट आलं, प्रार्थना केली, चमत्कार झाला, हालेलुया. मी उठले तेव्हा सगळे चमत्कारासाठी सरसावून बसले. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी होती. मला वाटतं, ते बोंबलांची वाट बघत होते.

"मी उद्या नर्सिंगला दाखला द्यायला जाणार आहे," मी म्हणाले. "देवाने मला खूण दिली नाही. दिली असेल तर मला ती कळली नाही. मला जायची फार भीती वाटते. एवढंच."

आणि खाली बसले.

हालेलुया म्हणायचं तर कशावर, हे कुणाला कळत नव्हतं. खाली गोदामात कुणीतरी टायर ढकलत नेत होतं, त्याचा आवाज खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पप्पा स्वतःच्या नखांतलं ऑइल काढत होते. मी आईकडे बघायचं टाळलं. घरी न सांगता मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि शुक्रवारचा उपास तिचा होता.

आई उठली. ती साक्षीला कधी उठत नाही. तिने पदर सारखा केला.

"पाळकसाहेब, एक विनंती होती," ती म्हणाली. "हिच्या तिथल्या मेसच्या जेवणासाठी प्रार्थना करा. हिला पातळ आमटी जात नाही. आणि ही कुणाला सांगणार पण नाही, तशीच ताटावरून उठेल."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. अकरा कुटुंबांनी डोळे मिटले. आणि पाळकसाहेबांनी पूर्ण गांभीर्याने, आवाज चढवून, त्या अनोळखी मेससाठी, तिथल्या आचाऱ्यासाठी, डाळीच्या दाटपणासाठी आणि फोडणीसाठी प्रार्थना केली. सगळ्यात मोठं आमेन पप्पांचं होतं.

तिसरं वर्ष लागलं. आमटी अजून तितकीच पातळ आहे. आताशा मी ती दुसऱ्यांदा वाढून घेते.